टॉवरची भीती आणि कारखान्यातले मौन

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या दौंड येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



उसाचा थकलेला हप्ता, कालव्याचे आवर्तन, रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कंत्राटी कामगारांचे वेतन हे प्रश्न दारात उभे असताना मोबाइलच्या रेडिएशनचा पुरुषाच्या प्रजननशक्तीवर काय परिणाम होतो, हा विषय अभ्यासवर्गात घेण्याचे प्रयोजन काय, अशी पृच्छा काही कार्यकर्त्यांनी केली. पृच्छा रास्त आहे. तिचे उत्तर असे की हा विषय आपण निवडलेला नाही, तो लोकांनी आपल्यापुढे आणला आहे. गावात नवा टॉवर उभा राहू लागला की विरोधाचा अर्ज तयार होतो. अर्जात चिमण्या नाहीशा झाल्याचे लिहिलेले असते, कर्करोगाचे लिहिलेले असते. जे लिहिलेले नसते ते अर्ज देणारा मागाहून कार्यकर्त्याला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगतो: टॉवरमुळे पोरांना मूल होत नाही म्हणतात, ते खरे का?

या प्रश्नाला आपल्याकडून आजवर दोन प्रकारची उत्तरे दिली गेली. कोणी लगेच टॉवर हटावचा फलक रंगविला, तर कोणी विज्ञानाचा अभिमान मिरवीत त्या माणसाला अडाणी ठरविले. माझ्या मते दोन्ही उत्तरे आळसाची आहेत.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. रेडिएशन हा शब्द ऐकला की आपल्या मनात हिरोशिमा येते, क्ष-किरण येतात. त्या किरणांत अणूमधून इलेक्ट्रॉन उपटून काढण्याइतकी शक्ती असते. मोबाइल, दूरदर्शन, आकाशवाणी यांच्या रेडिओलहरींत ती नसते. त्यांचा निःसंशय सिद्ध झालेला परिणाम एकच, आणि तो म्हणजे उष्णता. पुरेशा तीव्रतेच्या रेडिओलहरी शरीरात शिरल्या तर तेथील पेशी तापतात. आता पुरुषाचे वृषण शरीराच्या पोकळीबाहेर असतात याला कारण आहे. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. म्हणून या अवयवाविषयीची शंका शास्त्रज्ञांनाही आली आणि तिच्यावर पन्नास वर्षांहून अधिक काळ संशोधन चालू आहे. उष्णतेखेरीज आणखी काही मार्गाने, उदाहरणार्थ पेशीतील प्राणवायूच्या रासायनिक क्रिया बिघडून, शुक्राणूंना इजा होते काय, यावर वाद आहे. तो अद्याप मिटलेला नाही.

आपल्या शिरूर लोकसभा मतदारसंघातच जुन्नर तालुक्यातील खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. एवढ्या प्रचंड तबकड्या पाहून तेथून काही भयंकर बाहेर पडत असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. त्या काहीच प्रक्षेपित करीत नाहीत, आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी फक्त ऐकतात. आपल्या उपकरणांचा गोंगाट त्यांच्या कानी पडू नये म्हणून त्या परिसरात उद्योगांवर निर्बंध आहेत. सांगायचे हे की डोळ्यांना जे सर्वांत मोठे दिसते तेच सर्वांत धोकादायक असते असा नियम नाही.

मोबाइलचा टॉवर मात्र प्रक्षेपण करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात टाकले. आपल्या देशात मुंबईच्या आयआयटीतील प्रा. गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार खात्याला टॉवरांच्या धोक्याविषयी अहवाल दिला होता. लोकांचा आणि न्यायालयांचा दबाव वाढला, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून सरकारने टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश केली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी पूर्वी दर चौरस मीटरला साडेचार वॅट चालत, ते ०.४५ वॅटवर आले. ही मर्यादा कंपन्यांनी आपणहून मागितलेली नव्हती हे ध्यानात ठेवले पाहिजे. लोकांच्या भीतीला हसणाऱ्यांना या इतिहासाची आठवण करून द्यावी.

परंतु त्याच प्रामाणिकपणाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टॉवरपासून दूर जावे तसतशी लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दुप्पट अंतरावर ती चौथा हिस्सा उरते, दसपट अंतरावर शंभरावा हिस्सा. शिवाय टॉवरच्या मुख्य झोताचा रोख क्षितिजाकडे असतो, पायथ्याकडे नव्हे. टॉवरजवळ राहिल्यामुळे पुरुषांना वंध्यत्व आले असे दाखविणारा, भरवसा ठेवता येईल असा पुरावा आज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यांत माणसांवरील निरीक्षणांचा पुरावा अतिशय कमी खात्रीचा ठरला. प्राण्यांवरील शंभराहून अधिक प्रयोगांच्या आढाव्यात मात्र नरांवर लहरी सोडल्यानंतर माद्यांच्या गर्भधारणेचे प्रमाण घटल्याचे आढळले. हे प्रयोग पिंजऱ्यातल्या उंदरांवरचे, आणि बहुतेकांतील मात्रा आपल्या घरात टॉवरमुळे पोहोचते तिच्या कितीतरी पट. तेव्हा यातून गावच्या टॉवरविषयी निष्कर्ष काढता येत नाही, आणि काहीच घडत नाही असाही निष्कर्ष काढता येत नाही.

मग खिशातल्या फोनचे काय? येथे प्रश्न अधिक खरा होतो, कारण अंतर संपते. २००८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. अशोक अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या ३६१ पुरुषांचा अभ्यास केला. फोनचा वापर जितक्या अधिक तासांचा तितके शुक्राणूंचे प्रमाण कमी, असे त्यांना दिसले. या अभ्यासाची बातमी जगभर झाली. पण हे पुरुष मुळातच तक्रार घेऊन दवाखान्यात आलेले होते, आणि जो चार तासांहून अधिक फोनवर असतो त्याची झोप, त्याचे बैठे काम, त्याचा ताण हे सारेच निराळे असते.

त्याहून भक्कम अभ्यास स्वित्झर्लंडचा आहे. तेथे लष्करी भरतीसाठी आलेल्या १८ ते २२ वर्षांच्या २,८८६ तरुणांची २००५ ते २०१८ या काळात वीर्यतपासणी झाली. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकदाच फोन वापरणाऱ्यांत दर मिलिलिटरला शुक्राणूंचा मध्यांक ५ कोटी ६५ लाख होता, तर दिवसातून वीसपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत ४ कोटी ४५ लाख. फरक आहे, पण दोन्ही आकडे सामान्य मर्यादेच्या बरेच वर आहेत. आणखी दोन गोष्टी या अभ्यासात दिसल्या. पँटच्या खिशात फोन ठेवण्याशी शुक्राणूंच्या घटीचा संबंध आढळला नाही. आणि हा दुवा २००५ ते २००७ या पहिल्या काळात सर्वांत ठळक होता, पुढे क्षीण होत गेला. जुन्या टू-जी फोनची कमाल शक्ती दोन वॅटपर्यंत जाई, नंतरचे फोन पाव वॅटच्या आत काम करतात, हे त्याचे कारण असू शकेल असे संशोधकांना वाटते.

येथे एक विपरीत गोष्ट कार्यकर्त्यांनी समजून घ्यावी. फोन आपली शक्ती स्वतः ठरवितो. टॉवर जवळ असेल तर तो हळू बोलतो, टॉवर लांब असेल तर ओरडून बोलतो. म्हणजे गावातला टॉवर हटविला तर टॉवरकडून येणारा अंश घटेल, पण कानाशी आणि मांडीशी असलेल्या फोनचा अंश वाढेल. आंदोलन यशस्वी झाले आणि लोकांच्या अंगावर पडणाऱ्या लहरी वाढल्या, असा प्रकार घडू शकतो. टॉवरच्या भांडणात पुष्कळदा आणखी एक गोष्ट दडलेली असते, तीही बोलून टाकू. ज्याच्या छपरावर टॉवर त्याला महिन्याचे भाडे, आणि भीती मात्र शेजाऱ्याच्या वाट्याला. तो अन्याय खरा आहे. त्याला आरोग्याचा पोशाख न चढविता अन्याय म्हणूनच लढावे.

आता ज्या ठिकाणी रेडिओलहरींची मात्रा खरोखर मोठी असते त्या ठिकाणाकडे येतो. ते ठिकाण घर नव्हे, कामाची जागा आहे. फायलींची प्लास्टिकची वेष्टने, रेनकोट, ताडपत्र्या, गोळ्यांची पाकिटे यांचे पीव्हीसी सांधण्यासाठी रेडिओलहरींनी तापणारी यंत्रे वापरतात. बहुधा २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची. कामगार त्या यंत्रापासून हातभर अंतरावर बसतो आणि दिवसभरात शेकडो वेळा दांडा दाबतो. अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांनी या यंत्रांविषयी डिसेंबर १९७९ मध्येच धोक्याची सूचना काढली होती. उपाय अगदी साधा आहे: यंत्राच्या तोंडाभोवती धातूचे आवरण. ते आवरण कामाचा वेग कमी करते म्हणून काढून ठेवले जाते. नॉर्वेच्या नौदलातील दहा हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत, जे प्रक्षेपक अँटेनांच्या अगदी जवळ काम करीत त्यांनी मूल न होण्याच्या तक्रारी अधिक सांगितल्या. ही पाहणी २००८ ची. तक्रारी स्वतः सांगितलेल्या होत्या, म्हणून पुरावा मध्यम समजावा. पण दिशा लक्षात घ्या. जगात कोठेही या प्रश्नाचा थोडाफार ठोस धागा सापडतो तो मजुरीवर काम करणाऱ्या माणसापाशी सापडतो.

आणि एकदा आपण पुरुषाची प्रजननशक्ती व त्याचे काम यांचा विचार करू लागलो की रेडिओलहरी मागे पडतात आणि ज्यांच्याविषयी वाद उरलेला नाही अशी कारणे पुढे येतात.

कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील एका कारखान्यात डीबीसीपी नावाचे, जमिनीतील सूत्रकृमी मारणारे औषध तयार होत असे. १९७७ साली तेथील कामगारांच्या लक्षात आले की आपल्या विभागातील कोणालाही अलीकडे मूल झालेले नाही. हा शोध प्रयोगशाळेत लागला नाही, तो जेवणाच्या सुट्टीत एकमेकांशी बोलताना लागला. संघटनेने तपासणीची मागणी केली. कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प, काहींच्या तर एकही नाही. आणि मग उघड झाले की या औषधाने उंदरांचे वृषण आक्रसतात हे उत्पादक कंपन्यांच्या स्वतःच्या संशोधनातून १९६१ मध्येच छापून आले होते. सोळा वर्षे कागद कपाटात होता आणि माणसे यंत्रावर होती.

पुढचे अधिक ऐकण्यासारखे आहे. तेथील पीच उत्पादकांच्या संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने सरकारला पत्र लिहिले, की बंदी कशाला, ज्यांना आता मुले नकोच आहेत अशा कामगारांना हे काम द्यावे, काहींना संततिनियमनाची सोय म्हणून ते आवडेलही! हे पत्र १९७७ चे. आपल्याकडे त्याच्या आदल्या वर्षी आणीबाणीत नसबंदीची मोहीम चालली होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. गरिबाला मूल असावे की नसावे हे त्याच्यावाचून ठरविता येते, ही समजूत दोन्ही देशांत सारखीच होती.

अमेरिकेत १९७९ मध्ये डीबीसीपीचा बहुतेक वापर थांबला. मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांवर मात्र बंदीची हाक उशिरा पोहोचली. कोस्टारिका, निकाराग्वा येथील हजारो मजूर पुढे अनेक वर्षे न्यायालयांत झगडत राहिले.

रांजणगावला घरगुती वापराच्या विद्युत उपकरणांचे कारखाने आहेत, म्हणून दुसरे उदाहरण त्या जातीचे देतो. दक्षिण कोरियात १९९५ साली इलेक्ट्रॉनिक भाग जोडणाऱ्या एका कारखान्यात तरुण मुलींची मासिक पाळी बंद होऊ लागली. सुटे भाग धुण्याच्या द्रावणात २-ब्रोमोप्रोपेन होते. ओझोनच्या थराला घातक असलेल्या जुन्या द्रावणाऐवजी ते आणले होते. विभागात आठ पुरुष होते, त्यांपैकी सहांच्या वीर्यतपासणीत दोष निघाला. आकाशाची काळजी घेताना कामगार तपासायचे राहून गेले.

शिसे, कार्बन डायसल्फाइड, काही प्रकारच्या रंगांत मिसळले जाणारे ग्लायकॉल ईथर, काही कीटकनाशके, आणि सततची प्रखर उष्णता: पुरुषाच्या शुक्राणूंना यांची बाधा होते. पैकी उष्णतेविषयी दौंडकरांना वेगळे सांगायला नको. केडगाव, यवत परिसरातील गुऱ्हाळांवर चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळ घालणारा माणूस तासन्‌तास मांड्यांना धग घेत असतो. साखर कारखान्याच्या बॉयलरवरचा कामगार, भट्टीवरचा वेल्डर, तापलेल्या इंजिनावर दिवसरात्र बसणारा ट्रकचालक यांचीही गोष्ट तीच. समाधान एवढेच की उष्णतेची इजा बहुधा भरून येते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. धगीपासून माणूस तीन-चार महिने दूर राहिला तर सुधारणा दिसू शकते. डीबीसीपीने पूर्ण कोरडे पडलेल्या कित्येकांच्या बाबतीत ती दिसली नाही.

कायद्याकडे पाहा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती. तिच्यात शिशाची विषबाधा होती, क्ष-किरण व रेडियम यांचे विकार होते. रेडिओलहरी नव्हत्या, आणि पुरुषाचे वंध्यत्वही नव्हते. १९८४ च्या भोपाळनंतर १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक द्रव्यांची माहिती कामगाराला देण्याचे बंधन मालकावर आले. कागदावर हा मोठा विजय होता. कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीत पिंप उचलणाऱ्या कंत्राटी मजुराला पिंपावरचे इंग्रजी नाव वाचता येत नसेल तर त्या विजयाची किंमत किती, हे तुम्हीच मोजा. कुरकुंभच्या सांडपाण्याविषयी आसपासची गावे वर्षानुवर्षे तक्रार करीत आली आहेत. कारखान्याच्या आत श्वासावाटे आणि कातडीवाटे काय जाते याची तक्रार कोणी करीत नाही, कारण आतला माणूस ठेकेदाराचा असतो आणि ठेकेदार सहा महिन्यांनी माणूस बदलतो. ज्याला इजा झाली तो तोवर दुसऱ्या गावी असतो. इजेची नोंद होणारच नाही अशी ही व्यवस्था आहे.

शेवटी घरातल्या गोष्टीकडे येतो. टॉवरविषयी हलक्या आवाजात विचारणाऱ्या त्या माणसाच्या घरी बहुधा एक सून असते. तिची सोनोग्राफी झालेली असते, तिला नवस सांगितलेले असतात, दोन-तीन दवाखाने झालेले असतात. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र झालेली नसते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास जोडप्यांत दोष पुरुषाकडेही असतो, एकट्याचा अथवा दोघांचा मिळून. पुरुषाची तपासणी सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त, आणि ती सर्वांच्या शेवटी होते! टॉवरवर विश्वास ठेवणे काही वेळा यासाठीच सोयीचे असते: दोष आपल्यात असू शकतो हे मान्य करण्याची एक पुरुषी पद्धत त्यातून सापडते. मला तीसुद्धा प्रगती वाटते, कारण निदान बोट सुनेवरून उचलले गेले. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले आणि ‘समाजस्वास्थ्य’मध्ये या गोष्टी स्पष्ट लिहिल्याबद्दल खटले सोसले, १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्या महाराष्ट्रात कार्यकर्त्याला वीर्यतपासणी हा शब्द सभेत उच्चारताना संकोच वाटू नये.

तेव्हा कामाचे बोलू. टॉवरबाबत गावाला शंका असेल तर मोजणी मागावी. दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ या व्यवस्थेत २०१७ पासून टॉवरची माहिती पाहता येते आणि चार हजार रुपये शुल्क भरून मोजणीची मागणी करता येते. हे चार हजार ग्रामपंचायतीने भरावेत, एकट्या अर्जदाराने नव्हे. आकडा मर्यादेच्या वर निघाला तर आंदोलन करावे आणि आकडा हाती घेऊन करावे. खाली निघाला तर तोही सभेत वाचून दाखवावा. फोन ही ज्याची त्याची गोष्ट आहे. लांबचे संभाषण स्पीकरवर करावे, सिग्नल कमी असताना फोन अंगाला चिकटवून ठेवू नये, एवढे सांगणे पुरे.

कारखान्यांबाबत काम मोठे आहे. कोणत्या विभागात कोणते द्रव्य हाताळले जाते, कोठे धग आहे, पीव्हीसी सांधण्याची यंत्रे कोठे आहेत आणि त्यांची आवरणे जागेवर आहेत काय, याची वही कामगारांकडून भरून घ्यावी. प्रत्येक विभागात लग्नाला तीन वर्षे होऊन मूल नसलेले किती, हा प्रश्न त्या वहीत असावा, नावाशिवाय. लॅथ्रॉपच्या कामगारांनी यापेक्षा अधिक काही केले नव्हते. सरकारी रुग्णालयात वीर्यतपासणी विनाशुल्क व्हावी, आणि मूल नसल्याची तक्रार घेऊन आलेल्या जोडप्यात ती स्त्रीच्या तपासण्यांच्या आधी व्हावी, अशी मागणी आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी.

कुरकुंभची वही दौंडच्या शाखेने घ्यावी, रांजणगाव आणि सणसवाडीची शिरूरच्या. गुऱ्हाळांवरचे मजूर बरेचसे उत्तर प्रदेशातले आहेत. त्यांच्याशी हिंदीतून बोलू शकणारे दोघे-तिघे लागतील. त्यांनी आपली नावे आज दुपारच्या जेवणापूर्वी द्यावीत.